संकेतस्थळ नावाने रोखा, आयपी पत्त्याने नको

संपादक महोदय, स. न.

परदेशातून चालणाऱ्या पायरसी संकेतस्थळांना अमेरिकेत रोखता यावे, यासाठी तिथल्या लोकप्रतिनिधी झो लॉफग्रेन यांनी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात विधेयक मांडले. हेतू योग्यच आहे. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी टेलिग्रामवर फिरतो, तेव्हा नुकसान निर्मात्यापासून आपल्या थिएटरच्या डोअरकीपरपर्यंत सगळ्यांचे होते. पण रोखायचे कसे, यावर सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांनीही लक्ष ठेवावे.

इंटरनेट पुरवठादाराकडे मुख्यतः तीन उपाय असतात. पहिला, डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, त्या नावाला उत्तरच द्यायचे नाही. यात इतरांना सहसा धक्का लागत नाही, पण मोबाइलच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस टाकला की अडथळा संपतो. दुसरा, जोडणी सुरू होताना दिसणारे नाव पाहून ती तोडायची. तिसरा, आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, तोच बंद करायचा. खरा घोळ इथे होतो. स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, एकाच आयपीवर शेकडो संकेतस्थळे नांदतात. ऑस्ट्रियात ऑगस्ट २०२२ मध्ये अनेक संकेतस्थळांची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे ११ आयपी बंद केले आणि पायरसीशी संबंध नसलेली हजारो संकेतस्थळे गेली. घाईही तितकीच घातक. इटलीत ३० मिनिटांत रोखण्याचा नियम आहे. तिथे १९ ऑक्टोबर २०२४ रोजी गूगल ड्राइव्हच काही तास अडले.

अमेरिकेत असा आयपी बंद झाला तर चादर-टॉवेलचा कॅटलॉग तिथल्या खरेदीदाराला उघडणार नाही. इथे एमआयडीसीत मात्र तो व्यवस्थित उघडेल, त्यामुळे मालकाला पत्ताही लागणार नाही. होस्टिंग कंपनीकडून स्वतंत्र आयपी मागून घ्यावा आणि परदेशी सर्व्हरवरून संकेतस्थळ उघडते का, हे अधूनमधून तपासावे.

आपल्याकडे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुरवठादारांनी व्हिमिओ हे व्हिडिओ संकेतस्थळ पूर्ण बंद केले होते. फक्त नेमक्या पानांपुरती बंदी, असा खुलासा न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. आज एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीमुळे पुरवठादाराला पानाचा पत्ता दिसतच नाही, फक्त डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव दिसते. म्हणजे ‘तेवढेच पान रोखा’ हा आदेश त्याला पाळताच येत नाही. ते काम संकेतस्थळाच्या चालकालाच करावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ‘डायनॅमिक’ मनाईची वाट काढली. नाव बदलून आलेले तेच संकेतस्थळ नवा दावा न लावता यादीत घालता येते. ही सोय चांगली आहे, पण यादी वाढतच जाते आणि त्यातली नावे सामान्य माणसाला कुठे तपासता येत नाहीत.

म्हणून कायदा तिथे होवो वा इथे, आदेशात नेमके डोमेन लिहावे, आयपी नको. अडवलेल्या पानावर खटल्याचा क्रमांक आणि तक्रारीचा ईमेल द्यावा, चुकून अडकलेल्याला २४ तासांत मोकळे करावे. खेळाचा सामना संपला किंवा सिनेमाचा पहिला आठवडा उलटला की त्यापुरती घातलेली बंदी आपोआप उठावी.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, सोलापूर