शुगरच्या कॅम्पमध्ये हिरड्या पण बघा ना

संपादक साहेब, नमस्कार.

सिडको, पंचवटी, नाशिकरोड कुठेही जा, शुगर चेकअपचा कॅम्प काही ना काही निमित्ताने लागतोच. चांगलंच आहे. बोटाला सुई टोचतात, बीपी बघतात, पायाला मुंग्या येतात का विचारतात, डोळे दाखवून घ्या म्हणतात, पण तोंड उघडा असं म्हणताना मी अजून कोणाला बघितलेलं नाही. खरं तर हिरड्यांचा आजार हा डायबेटिसचा सहावा त्रास आहे असं हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी १९९३ सालीच 'डायबेटिस केअर' या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय!

शुगर सतत वाढलेली राहिली की हिरड्या सुजतात, इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी पडते आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाडच झिजत जातं. आणि हे उलटंही चालतं, हिरड्यांतली सूज रक्तातून अंगभर जाते, मग इन्सुलिनचा असर कमी होतो आणि शुगर अजून वाढते. हिरड्यांच्या आत खोलवर सफाई केली तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) सरासरी ०.४ ने उतरतं असं २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा दिसलं. गोळ्या चालूच ठेवायच्या, पण हा फायदा सोडायचा कशाला?

पंचाईत ही की हे दुखत नाही. दाढ किडली तर ठणकते, हिरडी मात्र गुपचूप जाते. आमच्या मावशीला ब्रश करताना रक्त यायचं, तर तिने त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं आणि मशेरी सुरू केली. तंबाखूने रक्त कमी झाल्यासारखं वाटतं, आत आजार चालूच असतो. दाढा हलायला लागल्यावर भाकरी सुटली, काकडी-मुळा सुटला, शेंगदाणे सुटले, राहिलं काय तर मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं, मग शुगर चढणारच ना, आणि शुगर चढली की गोळीचा डोस वाढतो, तोंडात कोणी बघत नाही. वर क्लिनिंग केलं की दात ढिले होतात असं शेजारपाजारचे सांगतात. अहो, दात आधीच हललेले असतात, कीटण निघाल्यावर ते कळतं इतकंच.

सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासतात तेव्हा कॅन्सरसाठी तोंड बघायचंच असतं, बॅटरी मारलीच आहे तर हिरड्या पण बघा. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, म्हसरूळला आख्खं आरोग्य विद्यापीठ आहे, कॅम्प लावणाऱ्या मंडळांनी तिथल्या इंटर्न मुलामुलींना बोलवावं. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला परत भरपूर कॅम्प लागतील, तेव्हा केसपेपरवर 'हिरड्यांतून रक्त येतं का' ही एक ओळ वाढवा, आणि हो म्हणाले तर डेंटिस्टच्या नावाने चिठ्ठी द्या.

- एक वाचक, सिडको, नाशिक