उंच हँडल बसवता, मग ब्रेकची नळी का बदलत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आंबोलीच्या आणि चोर्ल्याच्या घाटांच्या वाटेला लागतात. हल्ली त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना मूळ हँडल काढून उंच हँडल बसवलेलं दिसतं. त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्याही गाडीला तसंच आहे. पुण्यापर्यंतचे सुमारे ३४० किलोमीटर वाकून जाताना मान आणि कंबर धरायची, म्हणून बसवून घेतलं, आणि त्यानं आराम पडला.

पण ज्या दुकानात बसवलं तिथं अर्ध्या तासात काम उरकलं. ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबल त्याच ठेवल्या, पुढच्या ब्रेकची रबरी नळीही तीच. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. कणकुंबी सोडून चोर्ला घाट उतरताना एका आखूड वळणावर हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि ॲक्सिलरेटरची मूठ पिळलेली नसताना इंजिनानं आवाज चढवला. गाडी कठड्याकडे ओढली गेली. क्लच दाबायचं सुचलं म्हणून वाचलो. घरी येऊन पाहिलं तर ब्रेकची नळी वरच्या बोल्टापाशी ताणून तिला बारीक भेगा पडल्या होत्या. ती घाटात फुटली असती तर ऑइल गळून लिव्हर मुठीला टेकला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधं आहे. हँडल वर गेलं की केबलला लांबी कमी पडते. वळवताना ॲक्सिलरेटरची केबल ताणली की आतली तार आपोआप खेचली जाते आणि मूठ पिळल्यासारखाच परिणाम होतो. क्लचची केबल अशी ताणली तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. किती उंचीपर्यंत मूळ केबल पुरते, याला एकच माप नाही, ते गाडीगणिक बदलतं. म्हणून तपासणी हवीच. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा, कारण खड्ड्यात चाक खाली सुटतं तेव्हा नळीला जास्त लांबी लागते. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. इंजिनाचा आवाज जराही बदलता कामा नये, नळी ताणता कामा नये आणि लिव्हर टाकीला लागता कामा नयेत. नळी बदललीत तर तांब्याचे वायसर नवे घाला आणि ब्रेकमधली हवा पूर्ण काढून घ्या.

मी स्वतः टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा आहे, म्हणून उद्यमबाग आणि मच्छ्यातल्या कारखान्यांतल्या माझ्या भावांना हात जोडून सांगतो. पोरं आपल्याकडे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे जोड, करून मागतात. पुष्कळ हँडलांचा पाइप २२ मि.मी.चा असतो, काही गाड्यांचा क्लॅम्पपाशी २८.६. मोठ्या क्लॅम्पमध्ये बारीक पाइप पत्र्याची पट्टी घालून आवळू नका. क्लॅम्पचं भोक (बोअर) पाइपाच्या मापालाच घ्या. बोल्ट मजबुतीच्या ८.८ ग्रेडच्या खालचा नको, आणि त्याचे आटे व्यासाच्या दीडपट तरी आत जाऊ द्या. जुन्या हँडलला वेल्डिंगनं तुकडा जोडून उंची वाढवायला कोणी आलं तर सरळ परत पाठवा. या गावानं यंत्रांचे सुटे भाग करून नाव कमावलंय, आपल्या हातचा भाग घाटात दगा देता कामा नये.

आणखी एक मागणी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मग उंच हँडलाचं काय, हे सामान्य माणसाला समजत नाही. सीमाभागात एकाच घरात केए २२ (बेळगाव) आणि एमएच ०९ (कोल्हापूर) अशा दोन्ही नंबरांच्या गाड्या असतात. परिवहन खात्यानं काय चालतं आणि काय नाही, हे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत फलक लावून सांगावं. बसवणाऱ्या दुकानदारांनीही केबल आणि नळीचा खर्च आधीच सांगावा. गिऱ्हाईक कुरकुर करील, पण देईल. मी दिला असता.

आपला,
एक टर्नर वाचक,
मच्छे, ता. बेळगाव