तो तुटलेला हात देवीचा नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'उजनीतून वर आलं भुतांचं गाव' ही बातमी चार फोटोंसह छापून आली आहे. माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला आता अक्षर दिसत नाही, म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी तिला पेपर वाचून दाखवते. मथळा ऐकून ती म्हणाली, "भुतं म्हंजी कोण गं? आम्हीच का?" उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव हे तिचं माहेर, माझं आजोळ. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

त्या गावात माणसं राहत होती. गाव पाण्याखाली जाणार हे पक्कं झाल्यावर त्यांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया, चौकटी, जातं, उखळ, जे जे बैलगाडीत मावलं ते घेऊन ती आज महामार्गाकाठी जिथं नवं पळसदेव आहे तिथं आली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शेवटच्या दिवशी आजीनं चूल शेणानं सारवली. आई म्हणाली, आता कशाला? आजी म्हणाली, उष्टी चूल ठेवून निघायचं नसतं. गावातल्या मुसलमान बायकांनी कबरस्तानातली मूठमूठ माती फडक्याच्या टोकाला बांधून घेतली होती. आमच्याकडे तसं बांधून घ्यायलाही काही नव्हतं. आपल्या माणसांची राख नदीनं आधीच नेलेली असते.

पण अगदीच काही नसतं असंही नाही, आणि आपल्या बातमीतली खरी चूक इथंच आहे.

आपण तिसऱ्या फोटोखाली छापलंय, 'आक्रमकांनी फोडलेल्या देवीच्या मूर्तीचा हात'. संपादक महोदय, तो हात कुणीही फोडलेला नाही. तो दगड घडवला तेव्हापासून तसाच आहे. खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, तळवा उघडा आणि मनगटात बांगड्या असलेला बाईचा हात म्हणजे सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईची ती खूण. बांगड्या एवढ्यासाठी, की ती अहेव, म्हणजे सवाष्ण म्हणूनच गेली असं मानत. फोटो नीट पाहिला असता तर वरचे चंद्र-सूर्यही दिसले असते. जोवर चंद्र-सूर्य तोवर हिची आठवण, असा त्यांचा अर्थ. ती चाल भयंकर होती, तिचा मला यत्किंचितही अभिमान नाही. पण म्हणूनच त्या बाईचा दगड दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवू नये. अशा फोटोओळींवरून गावोगावी काय पेटू शकतं हे मी आपल्याला सांगायला नको. दुरुस्ती छापावी, आणि तीही तिसऱ्याच पानावर, तेवढ्याच टाइपात.

त्याच फोटोत मागं जे उभे दगड दिसतात त्यांना आपण 'प्राचीन शिल्पे' म्हणून मोकळे झालात. ते वीरगळ आहेत. आपल्या हिंदूंत सामान्य माणसाची बहुधा कबर नसते, समाधी असते ती साधू-संताची नाही तर सरदाराची. गावासाठी मेलेल्या साध्या माणसाचा दगड असतो तो हा एवढाच. सर्वांत खालच्या चौकटीत तो कसा मेला ते दाखवलेलं असतं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. खालच्या चौकटीत गायी असतील तर तो गावची गुरं वाचवताना पडला. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. दगड वाचायला मोडी लागत नाही की संस्कृत लागत नाही, खाली वाकून पाहावं लागतं.

आजोबांच्या मळ्याच्या बांधावर असा एक वीरगळ होता. साधारण माझ्या तेव्हाच्या उंचीएवढा, काळा, डाव्या कडेला किंचित कललेला. घरात त्याला 'थोरल्याचा दगड' म्हणत. थोरला कोण, कधीचा, ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. "गाया सोडवताना पडला तो," एवढंच ते सांगायचे. आजी अवसेला त्याला तेल घालायची. खालच्या चौकटीत चार गायी एकीमागं एक कोरल्या होत्या. मी त्यांच्या पाठींवरून बोट फिरवत बसायची. चौथ्या गायीचं तोंड पार झिजलेलं होतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरातले गडी त्या कोपऱ्यावर विळे घासत आले होते. आजीला ते आवडायचं नाही, पण कुणी ऐकायचं नाही. गाव उठलं तेव्हा तो दगड गाडीत चढेना. राहिला तिथंच.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळचा मृतसाठाही उतरला, तेव्हा आईनं हट्ट धरला. मामेभावाच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला नेलं. गाळ वाळून भेगाळलेला, त्यात शिंपलेच शिंपले. पळसनाथाच्या देवळाच्या शिखरावरून आईनं दिशा धरली आणि काठी टेकत, कुणाचं घर कुठं होतं ते सांगत ती सरळ आमच्या बांधावर गेली. दगड गाळात आडवा पडला होता आणि मासेमारीच्या जाळ्याचा तुटका तुकडा त्याला गुंडाळलेला होता. आईनं जाळं सोडवलं, बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं आणि पदरानं पुसलं. चारही गायी जागेवर होत्या. तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली तेव्हा मला कळलं, की ती घरून तयारीनं निघाली होती.

दगड नव्या गावात आणून उभा करायचा असं तिथंच ठरलं. मामेभाऊ आठवड्यानं ट्रॅक्टर घेऊन गेला, तर तिथं फक्त दगडाच्या मापाचा खड्डा होता, गाळात साखळीनं ओढल्याचा चर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टायरच्या खुणा.

मी अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, दगडाची नोंद कुठल्या यादीत आहे? मी म्हटलं, यादीत नाही, बांधावर होता. गट नंबर सांगा म्हणाले. सांगितला. तर तो गट संपादित झालेला, म्हणजे सरकारचा, म्हणजे दगडावर तुमचा हक्क पोहोचत नाही. बरं, सरकारचा तर सरकारनं शोधावा. तर सरकारच्या दप्तरी असा दगड नाही, आणि जो नाही तो चोरीला कसा जाईल? दीड तास त्या खुर्चीत बसून मी हेच गोल गोल ऐकलं. अर्जावर पोच मिळाली, पुढं काही नाही.

त्याच आठवड्यात मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. सोबत चार गायींचा फोटोही होता. ते आपण छापलं नाही. आणि काल अर्धं पान भुतांना दिलंत, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढं कुणी तरी सांगितलं, की हायवेवरच्या एका हॉटेलाच्या दारात तसलाच दगड उभा केलाय. मी आणि मामेभाऊ लगेच गेलो. दगड होता. त्याला चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला आणि पायाशी कृत्रिम हिरवळ अंथरलेली. मी वाकून पाहिलं, खाली गायी नव्हत्या. घोडेस्वार होता, हातात भाला, घोड्याच्या पायाखाली दोन माणसं. म्हणजे तो आमचा नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा होता, आणि त्या गावाला पत्ताही नाही की आपला माणूस इथं उभा आहे. मालकांना विचारलं तर म्हणाले, विकत घेतलाय, लोक फोटो काढतात.

शिरूर तालुक्यात इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. घोड पुढं भीमेलाच मिळते, म्हणजे नदी आमचीच. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. ते कुंभ मातीतून कसे सोडवले, कसे मोजले, काढून कसे नोंदवले, हे मी शाळेत मुलांना शिकवत आले. आई मेलेल्या लेकराला घराबाहेर जाऊ देत नव्हती, हे सांगताना वर्गात दरवेळी शांतता पसरायची. त्या लेकरांसाठी पंधरा वर्षं देणारी माणसं पळसदेवच्याच पुणे जिल्ह्यात होती. बुडीत गावांतल्या दगडांसाठी एक कॅमेरा, एक वही आणि उन्हाळ्यातले आठ दिवस पुरतील. पाऊस लागला, पुण्याकडची धरणं भरून खाली पाणी सुटलं, की पुन्हा सगळं झाकलं जाईल.

शब्दाचंही सांगते. ओस पडलेल्या गावाला आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराख' म्हणतात. चिराख म्हणजे दिवा. जिथं दिवा लावायला कुणी उरलं नाही ते बेचिराख. कारकुनाच्या लेखणीतून उतरलेला शब्द, पण त्यात माणसाची आठवण आहे. पुणंही एकदा असंच झालं होतं. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ते जाळून गाढवांचा नांगर फिरवला, आणि पुढं जिजाऊ आणि शिवाजीराजांनी ते पुन्हा वसवलं. त्या पुण्याला कुणी भुतांचं गाव म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. आमच्या गावाला 'बुडीत गाव' म्हणा, 'जुनं पळसदेव' म्हणा.

आणखी एक. गेल्या दोन महिन्यांपासून आपण धरणांच्या पाणीसाठ्याची चौकट बंद केली आहे. त्या जागी राशिभविष्य मोठं झालं. शहरातल्या वाचकाला ती चौकट म्हणजे नळाला पाणी किती दिवस, एवढंच असेल. उजनीत ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि आकडा उणे झाला की आमच्यासारख्यांच्या घरात मोजणी सुरू होते. उणे दहा, उणे वीस. कळस दिसला असेल, ओटा दिसला असेल, आता बांध. आई रोज पहिल्यांदा तोच आकडा विचारते. तो मोबाइलवर मिळतो हे मला माहीत आहे. तिला तो पेपरातूनच ऐकायचा असतो. चौकट कृपया पुन्हा सुरू करावी.

सोबत वीरगळाचा फोटो पुन्हा पाठवत आहे. या वेळी छापावा ही विनंती. काळा दगड, उंची चार फुटांच्या आसपास, तीन चौकटी, माथ्यावर डावीकडे चंद्र आणि उजवीकडे सूर्य. खाली चार गायी, चौथीचं तोंड झिजलेलं. कुणाच्या दारात, शेतघरावर किंवा बागेत दिसला तर आपल्या कार्यालयात कळवावं. मी कुणावर तक्रार करणार नाही. आईला घेऊन येईन आणि ती हात लावून सांगेल, आमचा आहे की नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी