रोस्टर-बदलांची आकडेवारीही जाहीर व्हावी

संपादक महोदय,

वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयी आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी आवर्जून वाचतो. माझा मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे आणि गेले सहा महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय निघतो : देशांतर्गत उड्डाणेच करीत राहायचे, की लांब पल्ल्याच्या विमानांकडे जायचे. मी स्वतः रेल्वेत मोटरमन होतो, त्याआधी काही वर्षे मालगाडीवर काढली. त्यामुळे अपरात्री कामावर निघणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

बाहेरच्यांना हा निर्णय पगाराचा आणि परदेशवारीचा वाटतो. आमच्या सोसायटीच्या सभेतही तशी थट्टा होऊन गेली. मुलाच्या बोलण्यात मात्र पगारापेक्षा झोपच अधिक येते. पहाटे पाचचे विमान असले की कंपनीची गाडी पावणेतीनला फाटकाशी उभी राहते, म्हणजे दीडला उठणे आले. नागपूरला जाऊन परत, मग गोव्याला जाऊन परत, अशी चार उड्डाणे आणि चार लँडिंग करून तो दुपारी घरी येतो, तेव्हा शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे ब्रेकर चालू असतात (पार्ल्यात सध्या कोणती गल्ली त्यातून सुटली आहे?). खिडकीला चादर लावून, पंखा पाचवर ठेवून तो पडून राहतो. त्याला झोप म्हणता येत नाही.

वैमानिकाने वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करू नये असा नियम आहे. भागाकार केला तर आठवड्याला वीस तासही होत नाहीत, आणि मग ‘एवढ्यात दमायचे काय?’ असा प्रश्न येतो. हे तास फक्त विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतचे असतात. आधीचे रिपोर्टिंग, दोन उड्डाणांमधली घाई, पावसाळ्यात मुंबईवर उतरण्यासाठी आकाशात घातलेल्या घिरट्यांमुळे चुकलेले पुढचे वेळापत्रक, घर ते विमानतळ प्रवास, यांतले बरेचसे या हजारात दिसतच नाही. शिवाय पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या ओहोटीची वेळ. त्या वेळचा एक तास दुपारच्या तासाएवढा धरता येत नाही.

लांब पल्ल्याचे गणित वेगळे. मुंबईहून न्यूयॉर्कला पंधरा तासांहून अधिक लागतात. अशा उड्डाणावर चार वैमानिक असतात. दोघे विमान चालवतात आणि दोघे बंकवर झोपतात. एक टेकऑफ, एक लँडिंग, आणि ड्यूटी आधीपासून ठरलेली. मुलाला भुरळ पडते ती याची. पण घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक असतो आणि शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळते, तेव्हा जुळायच्या आतच परतीचे विमान येते. लँडिंग चौघांत वाटली जात असल्याने ९० दिवसांत किमान तीन ही अट पुरी करण्यासाठी काहींना सिम्युलेटरवर (उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रावर) जावे लागते. मोठ्या विमानावर कॅप्टन होण्यासाठी बहुधा अधिक वर्षे थांबावे लागते, ते निराळेच. आणि दुसऱ्या कंपनीत जायचे तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते; लहर लागली म्हणून सोडून जाता येत नाही.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्दही जपून वापरावा. आखाताला रात्री जाऊन त्याच रात्री परतणाऱ्या छोट्या विमानांवर दोनच वैमानिक असतात आणि झोपायला बंक नसतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूला उतरताना दरीत कोसळले आणि १५८ जण गेले. कॅप्टनला वाटेत खुर्चीतच दीर्घ झोप लागली होती आणि त्या झोपेची गुंगी त्याच्या निर्णयांवर परिणाम करणारी ठरली असावी, असे चौकशीत नोंदले गेले. त्या विमानातल्या फर्स्ट ऑफिसरने वेळेवर सावध केले होते.

वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीविषयीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. या नियमांप्रमाणे वैमानिक पुरले नाहीत म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हजारो फेऱ्या रद्द झाल्या, विमानतळांवर सामानाचे ढीग लागले, आणि रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. प्रवाशांचे हाल खरेच होते. पण नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारीला मिळालेला अवधी थोडा नव्हता.

हे नियम चांगले आहेत, तरी माझ्या मते त्यांच्या मोजमापातून एक गोष्ट निसटते. मालगाडीवर असताना मला कॉल येई; जेवणाचे ताट पुढे असताना आला की उठायचे. पुढे लोकलवर लिंक मिळाली, म्हणजे येत्या मंगळवारी कोणती गाडी आणि किती वाजता साइन ऑन हे आधीच ठाऊक असे. कामाचे तास फारसे कमी झाले नव्हते, पण मी झोपू लागलो. माझ्या मुलाचे रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, आदल्या रात्री नऊला मोबाइलवर बदलते, नियमात बसूनच बदलते, आणि दुपारी झोपून घ्यायचे की रात्री, हे त्याला ठरवताच येत नाही. लांब पल्ल्याकडे त्याचा जो कल आहे, तो मुख्यतः यामुळे.

महासंचालनालय दरमहा देशांतर्गत विमानांचा वक्तशीरपणा आणि रद्द फेऱ्यांची टक्केवारी कंपनीवार प्रसिद्ध करते. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने असावेत : २४ तासांच्या आत बदललेल्या ड्यूटी किती, आणि वैमानिकांनी दिलेले थकव्याचे अहवाल किती व त्यांतले मान्य किती. माहिती कंपन्यांच्या संगणकात असतेच. ती मागवून छापण्याला नव्या कायद्याची गरज पडू नये.

— एका वैमानिकाचे वडील, विलेपार्ले (पूर्व), मुंबई
(मुलाच्या नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)