लसीची कुपी सरकारजवळ, पुरावा मात्र आईबापाने द्यायचा?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

साहेब, मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. शहादा, तळोदा, धडगावच्या पाड्यांवर लसीकरणाची सत्रं लावली, नको म्हणणाऱ्या आयांची समजूत काढली. गोवर घरात शिरला की काय करतो ते पाहिलंय, त्यामुळे लसीबद्दल माझ्या मनात किंतु नाही. लसीनंतर ज्यांच्या घरात वाईट घडलं आणि ज्यांना आपण "संबंध सिद्ध करा" म्हणतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

लसीनंतर झालं म्हणजे लसीमुळेच झालं असं होत नाही, हे मला मान्य आहे. न्यूमोनिया, जुलाब, जन्मजात हृदयदोष बाळाला पहिल्याच वर्षात गाठतात, आणि बहुतेक लसीही त्याच वर्षात. म्हणून एईएफआय समिती, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाची चौकशी करणारी समिती, प्रत्येक प्रकरण तपासून ठरवते: लसीशी संबंध आहे, अनिश्चित आहे, योगायोग आहे, की वर्गीकरणच करता येत नाही. माझं भांडण या शेवटच्या रकान्याशी आहे. तिथं प्रकरण जातं ते माहिती पुरी नसते म्हणून. आणि ती माहिती गोळा करायचं काम कुणाचं होतं? आपल्याच खात्याचं.

आईजवळच्या कार्डावर लसीची तारीख असते. बॅच नंबर असतो आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत, आयएलआरचं, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रीजचं, तापमान त्याच्या वेगळ्या वहीत. वापरलेली कुपी शीतसाखळी केंद्रात जास्तीत जास्त ४८ तास ठेवतात, मग तिची विल्हेवाट लागते. तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावर रात्री बाळ गेलं तर निरोप खाली पोचेपर्यंत दुसरा दिवस कलतो. पोस्टमॉर्टेमसाठी तेवढंसं शरीर झोळीतून उतरवायचं, मग गाडी शोधायची. "चिरफाड नको" म्हणत घरचे माती देऊन मोकळे होतात. त्यांना कोण दोष देईल? पण तपासणीच्या फॉर्मवर "माहिती उपलब्ध नाही" एवढं लिहिलं जातं आणि पुढचं सगळं त्या तीन शब्दांवर अडतं.

यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक लगेच लक्षात आली, म्हणून तिथं कुणा आईला कारण सिद्ध करत बसावं लागलं नाही. चूक उशिरा कळली असती तर?

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने कोणत्या लसीनंतर किती वेळात कोणता त्रास झाला तर भरपाई द्यायची, याचा एक तक्ताच केला आहे. लसीनंतर चार तासांत अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, झाली, तर बहुतेक लसींच्या बाबतीत कारण लसच असं धरून चालतात. दुसरं कारण होतं हे दाखवायचं ओझं सरकारवर. तक्त्यात नसलेल्या आजारासाठी तिथल्या अपील न्यायालयाच्या २००५ च्या अल्थेन खटल्यातल्या निकालाने तीन गोष्टी पुरेशा मानल्या: वैद्यकीयदृष्ट्या पटेल असा खुलासा, कारण-परिणामाची सुसंगत साखळी आणि योग्य कालावधी. शंभर टक्के खात्री तिथं मागत नाहीत. आपल्याकडे केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविड लसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा. म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध करा. धडगावच्या मजुराने वकील कुठल्या पैशातून लावायचा, आणि ज्या वह्या त्याने कधी पाहिल्याच नाहीत त्या कोर्टापुढे कशा आणायच्या?

केंद्राचं केंद्र बघेल. आपल्या हातात आहे तेवढं तरी करा. खात्याची नोंद अपुरी असेल तर संशयाचा फायदा कुटुंबाला द्या आणि राज्याच्या निधीतून भरपाई द्या, कुणाची चूक ते नंतर बघू. सातपुड्यातल्या तालुक्यांत कुपी आठवडाभर जपा. पोस्टमॉर्टेमला नेण्या-आणण्याची गाडी खात्याने द्यावी, आणि घरच्यांशी पावरी, भिली बोलणाऱ्या माणसानेच बोलावं. समितीचा निष्कर्ष कारणांसकट आईबापाच्या हातात पडला पाहिजे. आज तो आमच्यापर्यंतसुद्धा क्वचितच येतो.

यासाठी जीआर पुरेसा आहे. फॉर्ममधले कोणते रकाने रिकामे राहतात आणि का, हे मी आणि माझ्या जुन्या सहकारी रकानावार दाखवू. नंदुरबारला या, नाहीतर मुंबईला बोलवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. शहादा, जि. नंदुरबार