आभाराच्या चार ओळी

प्रिय सोनू,

ख्रिस्तात सलाम.

तू फोनवर म्हणालास, नाताळात वाजवणाऱ्यांच्या आभाराच्या चार ओळी लिहून दे, रविवारी सूचनांत वाचतो. ‘सर्व गायक-वादकांनी निःस्वार्थ सेवा केली, प्रभू त्यांना आशीर्वादित करो.’ घे, झाली ओळ. दरवर्षी हीच वाचतात, आणि तोवर मागच्या बाकांवरची मंडळी उठायला लागलेली असते. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लिही, आणि त्यानं नेमकं काय केलं ते तीत लिही.

म्हणजे काय, ते आपल्याकडचंच सांगते. नगरची थंडी तुला माहीत आहे; यंदा निम्म्या मंडळीचा घसा बसलेला. पेटीवर नेहमीच्या मावशी होत्या. 25 च्या उपासनेत त्यांनी पहिलंच गीत पांढरी चारऐवजी पांढरी दोनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत धरलं. कुणाला विचारलं नाही, नंतर बोलूनही दाखवलं नाही. म्हाताऱ्या बायका शेवटच्या कडव्यापर्यंत गात होत्या. एरवी त्यांना धृपदालाच धाप लागते.

तबल्याला भजनी मंडळातले काका आले होते. ते ख्रिस्ती नाहीत, वारीला जातात. रेव्हरंड टिळकांच्या अभंगांना त्यांना काही सांगावं लागत नाही. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि भजन काही सोडलं नाही. त्यामुळे भजनी ठेका आपल्या उपासनेत घरचाच. काका अडले ते इंग्रजी चालींवर. तिथं ओळ संपली की आपली मंडळी स्वर लांबवते, दम घेते, मग पुढं जाते. तबल्याचं आवर्तन कुठलं थांबतंय! सरावात काका समेवर पोचलेले आणि मंडळी अजून मागेच. मग त्यांनी मावशींच्या मानेकडे बघत, ओळीच्या शेवटी डग्ग्यावर एक थाप देऊन हात आवरायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचा बसलेला हात परक्याच्या गाण्यासाठी असा आवरता घेणं सोपं नाही रे. उपासनेत कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते बेमालूम झालं. चिठ्ठीत लिहायचं ते हे.

गिटारवाल्या पोरांवर आपल्या चर्चच्या कमिटीतले एक पंच दरवर्षी नाक मुरडतात. यंदा मी त्यांना सांगून टाकलं की ‘सायलेंट नाइट’ 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं, तेही गिटारवरच. गप्प बसले. पटलं असेल असं नाही.

आता पाकिटाचं. हौसेनं आलेल्या माणसाच्या हातात सगळ्यांसमोर नोट ठेवली की तो बिचारा अवघडतो. पण फुकट वाजवतो म्हणून रिक्षा, तारा, तबल्याची पुडी हाही खर्च त्यानंच सोसायचा, हे मला मान्य नाही. तेवढं मंडळीच्या खात्यातून द्या आणि आधी द्या, त्याला मागायला लावू नका. शाल-श्रीफळ मात्र नको. शाली प्रत्येकाच्या कपाटात पडून असतात.

आणि प्रीतिभोजनाचं बघ. सगळे रांगेत उभे राहतात तेव्हा वादक वायरी गुंडाळत असतात, पेटी झाकत असतात. ते येईपर्यंत रस्सा पातळ झालेला असतो आणि मटणाचे तुकडे संपलेले. आपल्याकडे मी यंदा वाढपावरच उभी राहिले आणि त्यांची ताटं आधी काढून ठेवली. दोघातिघांनी डोळे वटारले, वटारू देत.

31 च्या रात्री पुन्हा हीच माणसं वाजवायला बसणार, तेव्हा चिठ्ठ्या त्याआधी पोचव. टाइप करू नकोस, तुझं अक्षर वाईट आहे तरी हातानंच लिही. पप्पांच्या हाती करंज्यांचा डबा पाठवते आहे, तो वादकांसाठी आहे. तुझ्यासाठी चकल्या वेगळ्या बांधल्यात.

तुझी,
आई