पेटीचा भाव बदलताना पान मोडू नका

महोदय,

हापूसचा हंगाम तोंडावर आला की देवगड, रत्नागिरी, राजापूरकडचे बरेच बागायतदार दलाल टाळून थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवायच्या तयारीला लागतात. त्यासाठी वेबसाइट हवी असते आणि ती बहुधा वाडीतलाच आयटी शिकलेला मुलगा करून देतो. दिसायला ती चांगली असते. घोळ होतो तो भाव बदलायची वेळ आल्यावर. मार्चमधला भाव एप्रिलअखेर टिकत नाही, पाच डझनांची पेटी संपते, सहाची उरते, आणि हे सगळे पानावर जावास्क्रिप्टने, म्हणजे उघडलेले पान बदलणाऱ्या भाषेने, दाखवायचे असते. ही पाने अडखळतात ती त्याच त्या जागी.

पान उघडले की ब्राउझर प्रत्येक टॅगचा (फाइलीतल्या खुणेचा) एक घटक तयार करतो आणि ते एकाच्या पोटात एक असे रचतो. ही रचना म्हणजे डॉम. जावास्क्रिप्ट या रचनेवर काम करते, फाइलीवर नाही. घटक अजून तयारच झाला नसेल तर तो सापडायचा कसा? स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड, हेडमध्ये (पानाच्या सुरुवातीच्या भागात) टाकली आणि डिफर (पान वाचून झाल्यावर चाल, ही सूचना) लिहायचे राहिले, की ती भावाच्या चौकटीच्या आधी चालते. घटक शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरच्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, येतो आणि पुढच्याच ओळीला गाडी बंद पडते. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे सेटटाइमआउट लावून सेकंदभर थांबणे. शहरातल्या फायबरवर तो चालून जातो. घाटात, रेंजची एकच कांडी असताना, पान यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो आणि भाव कोरा राहतो. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत ठेवून तिला डिफर लावले की प्रश्न मिटतो. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टला डिफर लागू होत नाही, ती बॉडीच्या, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागाच्या, शेवटी ठेवावी.

दुसरी गफलत आयडीची, म्हणजे घटकाला दिलेल्या नावाची. एका पेटीची चौकट बनवायची, तीच चार वेळा कॉपी करायची आणि चारही ठिकाणी आयडी ‘भाव’च ठेवायचा. आयडीवरून शोधणारा गेटएलिमेंटबायआयडी त्यातली पहिली चौकट देतो. पाच डझनांचा भाव बदलतो, बाकी तीन पेट्या जुन्या भावाने विकल्या जातात, आणि गिऱ्हाईक स्क्रीनशॉट पाठवून भांडते. आयडी एका पानावर एकदाच वापरायचा. पेट्यांना क्लास (अनेक घटकांना चालणारे सामाईक नाव) द्यावा आणि डझनांचा आकडा डेटा-डझन असा गुणधर्म लिहून ठेवावा. बटण दाबल्यावर क्लोजेस्ट (बाहेरचा सर्वांत जवळचा घटक शोधणारा) वापरून त्याच पेटीची चौकट गाठता येते. आणखी एक बारकावा: आयडी आकड्याने सुरू होत असेल तर गेटएलिमेंटबायआयडी तो शोधतो, पण क्वेरीसिलेक्टरला हॅश लावून तोच दिला की तो चूक दाखवतो.

संपलेल्या पेट्या काढतानाचा दोष तर मुलांना दिवसभर झुलवतो. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने ‘संपली’ क्लासच्या चार चौकटी मिळाल्या, शून्यापासून लूप फिरवून एकेक काढली, तर दोनच जातात, दोन राहतात. ही यादी जिवंत असते. पहिली चौकट काढताच दुसरी शून्याच्या जागी सरकते आणि लूप मात्र एकवर गेलेला असतो. नुसता क्लास काढला तरी हेच होते. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी घेतली त्या क्षणाला गोठते, म्हणून अशा कामाला तीच घ्यावी.

सगळ्यात जास्त नुकसान करते ते इनरएचटीएमएल, म्हणजे घटकाच्या आतला सगळा मजकूर टॅगांसकट. नवी पेटी आली की इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर (+=) लावून तिचा मजकूर शेवटी जोडायचा, ही सवय जवळजवळ सगळीकडे दिसते. वाचताना वाटते, शेवटी थोडी भर पडली. प्रत्यक्षात ब्राउझर त्या भागातले सगळे घटक पुसतो आणि नव्याने बांधतो. त्याच भागात मागणीचा फॉर्म असेल आणि ठाण्याच्या बाईंनी निम्मा पत्ता टाइप केलेला असेल, तर तो गेला. बटणांना ॲडइव्हेंटलिसनरने जोडलेली कामेही, म्हणजे लिसनर, गेली. बटण दिसते, दाबले तर काही होत नाही. दुसरा धोका सुरक्षेचा. गिऱ्हाइकाने लिहिलेला अभिप्राय इनरएचटीएमएलमधून पानावर टाकला, तर त्याने लिहिलेले टॅगही पानाचा भाग होतात. अशा रीतीने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, एवढ्यावर काही जण निर्धास्त असतात. पण चुकीच्या पत्त्याचे चित्र आणि त्याला लावलेले ऑनएरर (चित्र न आल्यास चालणारा कोड) सहज चालते.

सरळ रस्ता काही फार लांबचा नाही. क्रिएटएलिमेंटने घटक बनवा, टेक्स्टकंटेंटमध्ये मजकूर घाला, क्लासलिस्टने क्लास जोडा आणि सगळे भरून झाल्यावर शेवटी अपेंड करा, म्हणजे पानाला जोडा. टेक्स्टकंटेंट टॅगला टॅग मानत नाही, अक्षरेच दाखवतो. गिऱ्हाइकाने काहीही लिहिले तरी पान शाबूत. पेटीची चौकट मोठी असेल, म्हणजे चित्र, डझन, भाव, बटण, तर ती पानात टेम्प्लेट टॅगमध्ये (पानावर न दिसणाऱ्या साच्यात) एकदाच लिहून ठेवावी आणि क्लोननोडला ‘ट्रू’ देऊन तिच्या प्रती काढाव्यात. ‘ट्रू’ विसरलात तर आतले काहीच येत नाही. प्रतीबरोबर आयडीही उतरतो, म्हणून टेम्प्लेटमध्ये आयडी नको. लिसनर मात्र उतरत नाही. त्यासाठी प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर लावत बसण्यापेक्षा सगळ्या पेट्यांच्या बाहेरच्या घटकाला एकच लावावा. नंतर आलेल्या पेटीचे बटणही त्यात आपोआप येते. आणि एकच घटक दोन ठिकाणी अपेंड केला तर तो पहिल्या जागेवरून उचलला जातो, त्याच्या दोन प्रती होत नाहीत.

चार भाव बदलायला जेक्वेरीसारखी अख्खी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ओढून आणायची गरज नाही. जेक्वेरी २००६ मध्ये आली तेव्हा ब्राउझरांचे आपसात जमत नव्हते, म्हणून ती लागायची. वर सांगितलेले सगळे आजच्या ब्राउझरांत आयतेच आहे. फ्रॅगमेंट (घटक आधी गोळा करून एकदम जोडायची सोय) वापरून वेग वाढवा, असाही सल्ला मिळतो. दहा पेट्यांच्या पानाला त्याने काडीचा फरक पडत नाही.

आता खास आपल्याकडचा दोष. मराठी कीबोर्डवरून गिऱ्हाईक साध्या मजकुराच्या रकान्यात ‘१२’ लिहिते. मजकुराची संख्या करणारे जावास्क्रिप्टचे नंबर किंवा पार्सइंट देवनागरी अंक ओळखत नाहीत आणि एकूण रकमेच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, उमटते. हिशोबाआधी अंक बदलून घ्यावे लागतात. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमवारीत, ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, म्हणजे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की हवा तो आकडा मिळतो. उलट, रक्कम मराठीत दाखवायला टूलोकेलस्ट्रिंगला मराठी-भारत असा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की पुरते, स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतात.

रकान्यातली संख्या स्क्रिप्टने बदलायची तर व्हॅल्यू थेट द्यावी. सेटॲट्रिब्यूटने फक्त रकान्याची सुरुवातीची संख्या बदलते. गिऱ्हाइकाने एकदा टाइप केले की तिचा परिणाम दिसत नाही.

बागायतदारांनी पैसे चुकते करण्याआधी हे करून घ्यावे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम धीमे करून पान उघडायला सांगा. भाव दिसला, की फॉर्ममध्ये निम्मा पत्ता लिहा आणि त्याच वेळी नवी पेटी जोडायला लावा. पत्ता जागेवर राहिला पाहिजे. नव्या पेटीचे बटण दाबून बघा. चार पेट्या एकदम ‘संपली’ करा आणि किती उरतात ते मोजा. नग मराठी अंकांत टाका. अभिप्रायात एखादा शब्द ठळक करण्याच्या टॅगमध्ये लिहा: पानावर तो शब्द ठळक दिसला, तर इनरएचटीएमएल कुठेतरी शिल्लक आहे.

आपले,
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील काही वेब डेव्हलपर